डोंगरातली सायकलवाट आणि खालचे खाचर



सायकल आपल्याला नवी नाही. दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, दळणाचा डबा, शाळेला निघालेली पोरे, सगळे सायकलीनेच वाहिले. पण आता जी सायकल डोंगराकडे वळू लागली आहे, तिची जात निराळी. जाड, खाचाखाचांचे टायर, पुढच्या चिमट्यात धक्के सोसणारी स्प्रिंग, चढासाठी भरपूर गिअर. ही सायकल डांबरी रस्त्यासाठी नाही, डोंगरातल्या पायवाटेसाठी आहे.

वडपे म्हटले की लोकांना मुंबई–नाशिक महामार्ग आणि गोदामे आठवतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि भिवंडी तालुका शहरांच्या आणखी जवळ आला. महामार्ग सोडून आत वळले की भातखाचरे, मग वरकस, मग ऐन-सागाचे रान. उत्तरेला गुमतारा, ईशान्येला शहापूरकडचा माहुली. सुट्टीच्या दिवशी मुंबई-ठाण्याहून हवा खायला निघालेल्या माणसाला हा मुलूख खुणावतो. तुमच्या डोंगरावर अजून सायकली आल्या नसतील तर उद्या येतील. एकाने आपली वाट मोबाईलवर नोंदवली की त्याच वाटेने शंभर जण येतात.

त्यांना येऊ द्यावे की नको, हे ग्रामसभेने ठरवायचे. पण ठरवण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. धोका सायकल येण्यात तेवढा नाही, जेवढा वाट चुकीच्या जागी पडण्यात आहे. डोंगराच्या तोंडावरून सरळ खाली उतरणारी वाट पावसाळ्यात ओहळ होते. आणि ओहळ शेवटी कुणाच्या तरी खाचरातच उतरतो.

वाटेचा ओहळ कसा होतो?

हिशेब सोपा आहे. समजा वाट २०० मीटर लांब आणि १ मीटर रुंद आहे. तिच्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे फक्त वाटेवर १० हजार लिटर पाणी पडले. दोनशे लिटरची पन्नास पिंपे! आजूबाजूच्या उतारावरचे पाणी वाटेत शिरते ते वेगळेच. पायांनी आणि चाकांनी माती दाबून घट्ट झालेली असते, त्यामुळे पाणी मुरत नाही. वाट मधोमध खोलगट झालेली असते, त्यामुळे ते बाजूला जात नाही. मग ते वाटेवरूनच धावते.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची खरवडण्याची ताकद चौपट होते. पहिल्या वर्षी वाटेवर बोटभर चर दिसतो, पुढे तो गुडघाभर होतो. माणसे त्या चरातून चालायचे टाळतात आणि शेजारून दुसरी वाट पाडतात. मग तिसरी. डोंगराची पाठ अशी चिरत जाते.

खाली काय होते? मुरूम आणि बारीक दगड खाचरात येऊन पसरतो. नुकतेच आवणलेले भात गाडले जाते. पाणी आत घ्यायची तोंडे बुजतात, बांध फुटतो. मुरमाच्या थराखाली चांगली माती दबली की त्या जागी पाणी धरत नाही, आणि पाणी धरले नाही तर भात कसले? पिढ्यान्‌पिढ्या चिखल करून कमावलेली जमीन एका पावसात बिघडते आणि दुरुस्त करायला कैक हंगाम जातात.

यातला कळीचा मुद्दा असा, की वाटेचा फायदा एकाला आणि तोटा दुसऱ्याला होतो. वरच्याने गाड्या उभ्या करायला जागा दिली, चहा विकला. मुरूम मात्र खालच्याच्या खाचरात. गावात भांडण लागते ते इथेच.

दोष सायकलीचा की वाटेचा?

हा प्रश्न परदेशातही पडला होता. डोंगरी सायकलीचा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या टॅमलपाईस डोंगराच्या परिसरात वाढला. १९७० नंतर तिथले तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन उतारावरून सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. उतार एवढा, की ब्रेक तापून त्यातले ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे. पुढे १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला. पण मधल्या काळात वाटा झिजल्या, पायी चालणाऱ्यांशी तंटे झाले आणि त्या भागातल्या बऱ्याच अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या.

१९९४ साली अमेरिकेतल्याच मोंटाना राज्यातले एक संशोधन प्रसिद्ध झाले. पायी माणूस, घोडा, सायकल आणि मोटरसायकल या चौघांनाही डोंगरवाटांवर चालवून कुणामुळे किती माती सुटते ते मोजले होते. सर्वांत जास्त माती घोड्याच्या टापांनी सुटली. म्हणजे एकट्या सायकलीला बोल लावून भागत नाही. आपली गुरेही उतारावरून सरळ उतरली की तेच करतात. फरक इतकाच, की सायकलीच्या चाकाची रेघ सलग असते आणि पाण्याला सलग रेघ आवडते. त्यातून स्वाराने करकचून ब्रेक दाबला, मागचे चाक घसरत गेले, की वरची माती सोलली जाते.

वाटा बंद झाल्यावर तिथले सायकलस्वार शहाणे झाले. १९८८ साली त्यांची संघटना उभी राहिली आणि पुढे वाट कशी आखावी याचे नियम लिहून काढले गेले. ते नियम वाचले तर तुम्हाला हसू येईल. कारण समतल चर खोदताना, ताल घालताना, बांधाला सांडवा ठेवताना आपण जे करतो, तेच त्यात आहे.

चांगल्या वाटेचे पाच नियम

१. वाट डोंगराला आडवी जावी. पाणी नेहमी सर्वांत जास्त उताराने धावते. म्हणून वाटेचा उतार हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवावा. डोंगर शंभर फुटांत वीस फूट उतरत असेल, तर वाट शंभर फुटांत दहा फुटांहून कमी उतरावी. मग पाण्याला वाटेवरून धावण्यापेक्षा वाट ओलांडून जाणे सोपे पडते.

२. डोंगर कितीही उभा असला, तरी वाटेचा सरासरी उतार शंभराला दहाच्या वर नेऊ नये. आपल्याकडचा आषाढातला पाऊस आणि भुसभुशीत मुरूम पाहता, सहा-सातवर थांबलेले बरे.

३. वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली असावी. तीन फूट रुंदीच्या वाटेला दीड ते दोन इंच पुरेत. आलेले पाणी पातळ पसरून कडेवरून खाली जाते. चालून-चालून बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा साचतो; तो दरवर्षी फोडावा. हा वरंबा राहिला की पाणी वाटेत कोंडते आणि बाकीची मेहनत फुकट जाते.

४. तीस ते पन्नास फुटांवर वाट थोडी खाली नेऊन पुन्हा हातभर वर चढवावी. वाटेवर धावू पाहणारे पाणी त्या खोलगट जागी अडते आणि बाहेर पडते. उतार जास्त असेल तिथे ही जागा जवळजवळ घ्यावी. सायकलवाल्याला अशा खालीवर वाटेचीच मौज वाटते, म्हणजे एका कामात दोन कामे.

५. ओहळ ओलांडायचा तिथे वाट दोन्ही बाजूंनी ओहळाकडे उतरती असावी. नाहीतर पुराच्या दिवशी ओहळ आपली जागा सोडून वाटेने निघतो. ओलांडायच्या जागी तळाला मोठे, चपटे दगड घट्ट बसवावेत.

सपाट जागेवर वाट नेणे बरे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अगदी सपाटीवर पाणी निघून जायला जागाच नसते. तिथे चिखल होतो, माणसे चिखल टाळून वाट रुंद करत जातात. हलका आडवा उतार ही वाटेची खरी जागा.

उतार मोजायचा कसा?

यासाठी इंजिनिअरची गरज नाही. दहा फुटांची सरळ काठी घ्या. तिचे एक टोक डोंगराच्या उतारावर टेकवा आणि दुसरे टोक उताराच्या दिशेने हवेत धरा. काठी समपातळीत आहे ना, ते बाटलीत पाणी घालून आडवी ठेवून पाहा. आता हवेतल्या टोकापासून जमिनीपर्यंत दोरी सोडा. दोरी दोन फूट भरली, तर डोंगराचा उतार शंभराला वीस. जितके फूट भरतील त्याची दहापट करायची, एवढेच.

वाटेची रेघ आखायला पाणलोटाच्या कामातली ए-फ्रेम वापरा. सात-सात फुटांच्या दोन बांबूंची टोके वर एकत्र बांधा. पाय सहा फूट फाकवा आणि मध्ये आडवी पट्टी बांधा. वरच्या टोकाला दोरी आणि दोरीला दगड, झाला ओळंबा! दोन्ही पायांखाली खुंट्या ठोकून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर चौकट ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये जी जागा, ती समपातळीची खूण.

आता वाटेला उतार द्यायचा आहे. एका पायाच्या तळाला साडेतीन इंचांचा लाकडी ठोकळा बांधा. तो पाय पुढे, खालच्या अंगाला ठेवून दोरी मधल्या खुणेवर येईपर्यंत पाय पुढेमागे सरकवा. दोरी खुणेवर आली की तिथे चुन्याची टिकली द्या. सहा फुटांत साडेतीन इंच, म्हणजे शंभराला जवळजवळ पाच. टिकल्या जोडत गेलात की वाट आपोआप डोंगराला आडवी फिरते. आधी रेघ आखा, मग तिच्यावरून दोन-चार वेळा चालून पाहा, मोठी झाडे आणि वारुळे टाळून रेघ दुरुस्त करा, आणि मगच कुदळीचा विचार करा.

कुदळ मारण्याआधी

जमीन कुणाची ते पाहा. आपली म्हणून वहिवाटलेली वरकस जमीनही कागदावर वेगळी असू शकते. सातबारा काढा. ठाणे जिल्ह्यात बऱ्याच सातबाऱ्यांवर १९७५ च्या कायद्याखालची खाजगी वनाची नोंद असते. तशी नोंद असेल तर वनविभागाला विचारल्याशिवाय तिथे हात घालू नका.

राखीव वनात जमीन खोदणे, झाड तोडणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. तानसा किंवा तुंगारेश्वरसारख्या अभयारण्याच्या हद्दीत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणखी कडक आहे. येऊरच्या डोंगराचे जंगल तर राष्ट्रीय उद्यानातच आहे. पाहुण्यांना हे ठाऊक नसते. गाडी लावून ते सरळ रानात शिरतात. आपण मात्र ठाऊक नाही म्हणून सुटणार नाही. म्हणून आधी ग्रामसभेचा ठराव, मग वनरक्षक आणि वनपालांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष फेरी, मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, या क्रमाने जा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे जंगल राखण्याचा आणि त्याची व्यवस्था लावण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला असा हक्क २००९ साली मिळाला. पण हक्क मिळाला म्हणजे मनाला येईल तिथे खणायची मुभा मिळाली, असा अर्थ घेऊ नका.

शक्यतो नवी वाट पाडूच नका. डोंगरात गुराख्यांच्या, लाकूडफाट्याच्या जुन्या वाटा असतात. त्यातली आडवी जाणारी निवडा आणि तीच सुधारा. मोहाच्या झाडांखालून वाट नेऊ नका. चैत्रात पहाटे आपल्या बाया तिथे फुले वेचायला बसतात. गावदेवीचे, वाघोबाचे ठाणे असेल तिथून वाट दूर ठेवा. पाणवठ्यावरूनही नको. या रानात बिबट्याचा वावर असतो. सूर्य उगवण्याआधी आणि मावळल्यानंतर सायकल नको, हा नियम सुरुवातीपासूनच लावा.

बिघडलेली वाट बंद कशी करावी?

नवी वाट चांगली झाली तरी जुनी उभी वाट तशीच राहिली तर पाणी तिथूनच येणार. नुसता काटा टाकून वाट बंद होत नाही. काम वरून सुरू करा. जिथून पाणी चरात शिरते तिथे आडवा बांध घालून ते बाजूच्या झाडोऱ्यात वळवा. मग चरामध्ये थोड्या थोड्या अंतरावर अनगड दगडी बांध घाला, उंची फूट-दीड फूट. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत यावा, हे अंतराचे माप. बांधाची दोन्ही टोके काठात रोवा आणि मधला भाग थोडा खाली ठेवा, म्हणजे पाणी मधूनच जाईल. काठ कातरले जाणार नाहीत.

बांधामागे गाळ साचला की त्यात पहिल्या पावसात वाळा, निरगुडी किंवा घायपात लावा. ही रोपे जंगलातून उपटू नका, आपल्या बांधावरून आणा. दोन-तीन पावसाळ्यांत चर भरत येतो आणि वाट होती हे रान विसरून जाते.

वाट केव्हा उघडी, केव्हा बंद?

ओली वाट सायकलीला उघडी ठेवू नये. भिजलेल्या मातीत चाकाने पाडलेली रेघ पुढच्याच सरीत नाली होते. म्हणून मृगापासून पाऊस पुरता जाईपर्यंत वाट बंद. नंतरही घाई नको. भात कापणीला आलेले असते, खळ्यावर झोडणी चालू असते, भारे डोक्यावरून वाहायचे असतात. त्या दिवसांत अरुंद वाटेवर सायकल समोरून आली तर अपघात ठरलेला. मळणी उरकून दाणा घरात आला की मग वाट खुली करावी. फाल्गुन-चैत्रात वणव्याची भीती असते. विडी-सिगारेट आणि चूल यांना सक्त मनाई हवी.

दुरुस्तीचे काम दोन वेळा. एक, पाऊस गेल्यावर लगेच, माती थोडी ओली असतानाच. तेव्हा ती दाबून बसते. दुसरे, मृगाच्या आधी: वरंबे फोडणे, खोलगट जागांतला पालापाचोळा काढणे, पाण्याची तोंडे मोकळी करणे.

गावाच्या पदरात काय?

सातारा जिल्ह्यातल्या कास पठारावर फुलांच्या हंगामात आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या प्रवेश शुल्क, वाहनतळ आणि वाटाडे यांची व्यवस्था पाहतात. दिवसाला किती माणसे सोडायची यालाही मर्यादा असते. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पावसाआधी काजवे पाहायला आलेले पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात आणि त्यांच्याच चुलीवरचे जेवतात. दोन्हीकडे नियम गावाने धरून ठेवले आहेत. पाहुण्यांच्या मर्जीवर गाव सोडलेले नाही.

सुरुवात खोदकामाने करू नका, जेवणाने करा. तांदळाची भाकरी, भाजी, ठेचा, पिण्याचे पाणी, गाडी उभी करायला सावली, पंक्चर काढणारा एक पोरगा आणि बरोबर जाणारा एक वाटाड्या. याला भांडवल फार लागत नाही. पैसा समितीच्या खात्यात जमा व्हावा, पावती द्यावी आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्यातला ठरलेला वाटा वाटेच्या दुरुस्तीसाठी आणि खालच्या शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईसाठी बाजूला काढावा. हा वाटा आधी, बाकीचे नंतर.

वाटेच्या तोंडाशी मराठीत पाटी लावा: आधी माणूस, मग गुरे, मग सायकल. वळणावर घंटी वाजवा. चाक घसरवू नका. वाट सोडून जाऊ नका. पावसाळ्यात वाट बंद. मोटरसायकल नाही.

शेवटचे, पण महत्त्वाचे

एवढे सगळे केल्यावर वाट बरी झाली की नाही, हे कागदावरून कळणार नाही. पहिला मोठा पाऊस लागला की इरले नाहीतर छत्री घेऊन निघा. बरोबर खालच्या खाचरवाल्याला घ्या. वरपासून खालपर्यंत दोघांनी मिळून वाट चाला. पाणी वाट ओलांडून जात असेल तर काम झाले. पाणी वाटेवरून तुमच्याबरोबर चालत असेल, तर तिथेच खूण करा आणि उघडीप मिळताच कुदळ घेऊन या.

खालच्या खाचरातले पाणी गढूळ नाही, असे ज्या दिवशी तो खाचरवाला स्वतः म्हणेल, त्या दिवशी सायकलवाल्यांना खुशाल बोलवा.

रेडिओवर ऐकलेले विसरायला होते, म्हणून ही पत्रिका घडी करून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. ग्रामसभेला जाताना बरोबर न्या. राम राम.